उसने किलोमीटर

नकाशावर रेघेचा रंग बदलला की गाडी बदलायची, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की निशि-फुनाबाशी आलं तसा मी उठलो आणि उतरलो. निशि-कासाईपासून इथवरची रेघ आभाळी निळी होती. पुढच्या रेघेचा रंग वेगळा, कंपनीचं नाव वेगळं. तेव्हा गाडीही वेगळीच असणार, असा सरळ हिशेब. ती कुठल्या फलाटावर लागते ते बघायला मान वर करून पाट्या वाचत होतो, तेवढ्यात मागे दारं मिटली आणि जिच्यातून मी उतरलो तीच गाडी लेकीच्या गावाकडे, याचियो-मिदोरिगाओकाकडे, निघून गेली. वरच्या फळीवर माझी कापडी पिशवी राहिली होती. दोन किलो तूरडाळ, हिंगाची डबी आणि कढीपत्त्याची एक जुडी.

निशि-कासाई हा टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग. २००० सालाच्या आसपास संगणकातल्या तारखांचा घोळ निस्तरायला आपल्याकडची बरीच तरुण मंडळी इथे आली आणि राहिली. त्यामुळे डाळ, हिंग, पोहे, सगळं मिळतं. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. लेक-जावई मात्र तिथे राहत नाहीत. त्यांचं घर पूर्वेला, चिबा प्रीफेक्चरमध्ये. मी तीन महिन्यांचा पाहुणा. निशि-कासाईहून वाणसामान आणायचं काम आपणहून अंगावर घेतलेलं, कारण त्या निमित्ताने गाडीत बसायला मिळतं.

फलाटावर गणवेशातला एक तरुण उभा होता. माझं जपानी म्हणजे ‘सुमिमासेन’ आणि हातवारे. पण वर बोट करून, हाताने पिशवीचा आकार काढून, गेलेल्या गाडीकडे बघून उसासा टाकला की ते कुठल्याही देशात कळतं. त्याने मला जिथे उतरलो तिथे परत उभं केलं आणि खाली बोट दाखवलं. पायाखाली फलाटाच्या फरशीवर आकडे होते, डबा सहावा, दार तिसरं. ते त्याने टिपून घेतलं, घड्याळ बघितलं, फोन उचलला. मी वाट बघत होतो ती एका वाक्याची. ‘ती गाडी आता आमच्याकडे नाही, तिकडे विचारा.’ हे वाक्य मी जन्मभर निरनिराळ्या खिडक्यांवर ऐकत आलोय. ते काही आलं नाही. पाऊण तासाने कळलं की पिशवी शेवटच्या स्थानकावर, तोयो-कात्सुतादाईला, उतरवून घेतली आहे.

तिथे जाऊन अर्ज भरला, सही केली. पिशवीतल्या वस्तूंची यादी त्यांनी आधीच करून ठेवली होती. संध्याकाळी लेकीने ती वाचली आणि हसत सुटली. डाळीचे ‘पिवळे दाणे’ झाले होते, हिंगाचा ‘उग्र वासाचा पदार्थ’, आणि कढीपत्त्याची नोंद होती ‘फांद्या, पानांसकट’.

“पण बाबा, तुम्ही उतरलातच कशाला? गाडी तीच पुढे येते.”

“कंपनी बदलते ना पण?”

“कंपनी बदलते. गाडी नाही बदलत.”

हे तिने भाजी ढवळता ढवळता सांगून टाकलं. मी मात्र ते घेऊन बसलो.

माझी नोकरीची बत्तीस वर्षं डोंबिवली ते चर्चगेट अशी गेली. म्हणजे रोज दादरला उतरायचं, मध्य रेल्वेच्या फलाटावरून पूल चढायचा आणि पश्चिम रेल्वेच्या फलाटावर उतरायचं. पावसाळ्यात त्या जिन्यावर छत्र्यांचं पाणी मानेत जायचं, आणि पुलाच्या मधोमध कुणीतरी हमखास चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकलेला असायचा. पास एक, रेल्वे दोन्ही भारत सरकारच्या. तरीही दादरला एक नंबरचे फलाट दोन. ‘एक नंबरवर भेटू’ म्हटलं की ‘वेस्टर्नच्या का सेंट्रलच्या?’ हा प्रश्न ठरलेला. आणि तो विचारायचा राहिला म्हणून दोन माणसं दोन एक नंबरांवर तासभर एकमेकांना शिव्या घालत उभी, असंही घडायचं. त्याचं मूळ जुनं आहे. जीआयपी आणि बीबीसीआय अशा दोन कंपन्यांचे रूळ दादरला शेजारी शेजारी आले. १९५१ साली त्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या, कंपन्यांची नावं गेली, पण फलाटांची मोजणी दोघींनी आपापली ठेवली. ती एक व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तेव्हा कुठे मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे आकडे मिळाले. मी तोवर निवृत्त झालो होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते नवे आकडे अजून पाठ नाहीत.

निशि-फुनाबाशीत मालक तीन आहेत: जेआर ईस्ट, टोकियो मेट्रो आणि तोयो रॅपिड रेल्वे. फलाट एक ते चार जेआरच्या सोबु लाइनचे. पाच ते आठ मेट्रोच्या तोझाई लाइनचे आणि तोयोचे. नऊ ते बारा पुन्हा जेआरचे, मुसाशिनो आणि केइयो लाइनचे. एक ते बारा, सरळ मोजणी. इथे कुणी ‘कोणाच्या एक नंबरवर’ असं विचारत नाही. मालक एक असताना आमच्या दोन मोजण्या आणि मालक तीन असताना यांची एक. मला त्याची गंमत वाटली का लाज, ते त्या दिवशी ठरवता आलं नाही.

तेव्हापासून किराणा आणायला गेलो की येताना निशि-फुनाबाशीला मुद्दाम उतरायला लागलो. पिशवी हातात घट्ट धरून.

स्थानक दिसायला अगदी साधं आहे. पाहुण्याला दाखवायला म्हणून कोणी इथे आणणार नाही. खाली पूर्व-पश्चिम रूळ, त्यांच्या डोक्यावर दुकानांचा मजला, त्याच्याही वरून मुसाशिनो लाइन आडवी गेलेली. ‘फुने’ म्हणजे नाव, ‘हाशी’ म्हणजे पूल. नावा एकमेकींना बांधून केलेला पूल म्हणजे फुनाबाशी, आणि ‘निशि’ म्हणजे पश्चिम. रोजची माणसं एवढं लांबलचक म्हणत नाहीत, ‘निशिफुना’ म्हणून मोकळी होतात. आपण डोंबिवलीची ‘डोंबोली’ करतो त्यातलाच प्रकार.

वाड्यात पिढी वाढली की मागच्या अंगाला एक खोली काढतात, तसं हे वाढत गेलं. १९५८ साली तेव्हाच्या सरकारी जपानी रेल्वेने सोबु लाइनवर ते सुरू केलं. १९६९ साली भुयारी तोझाई लाइन जमिनीवर येऊन इथे टेकली. तोझाई म्हणजे पूर्व-पश्चिम, नाव ठेवताना कुणी डोकं शिणवलेलं नाही. १९७८ मध्ये वरून मुसाशिनो आली, १९८६ मध्ये समुद्राच्या बाजूने केइयो, आणि १९९६ मध्ये तोझाईच्याच रुळांना पुढे जोडून तोयो. मधल्या काळात, १९८७ साली, सरकारी रेल्वेच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या आणि हा भाग जेआर ईस्टकडे आला. चिबा प्रीफेक्चरमधल्या सगळ्यात गर्दीच्या स्थानकांत याची गणना होते. तरी सोबु लाइनची जलद गाडी इथे थांबत नाही! तिच्या रुळांना फलाटच नाही. ती धडधडत निघून जाते आणि फलाटावरची माणसं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. फास्ट गाडी आपल्या स्टेशनाला न थांबता गेल्यावर माझ्या पिढीच्या मुंबईकराच्या तोंडून आपसूक जे निघतं, ते इथे कोणाच्या तोंडून निघालेलं मी ऐकलं नाही.

शनिवार-रविवारी वरच्या जिन्यावर बसण्यासारखं दुसरं करमणुकीचं ठिकाण नाही. मुसाशिनो लाइन १९७३ साली सुरू झाली ती मुख्यतः मालगाड्यांसाठी, टोकियोच्या बाहेरून वळसा घालणारी. तिचं एक टोक फुचू-होन्माची, तिथे शेजारीच टोकियोचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. आणि या टोकाला, इथून एकच स्थानक अलीकडे, नाकायामाचं मैदान. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी घडी घातलेलं वर्तमानपत्र हातात आणि लाल पेन्सिल कानावर असे म्हातारे गंभीर चेहऱ्याने जिना चढत असतात. त्याच जिन्यावरून डिस्नेलँडला निघालेल्या पोरी उतरतात. माइहामाला जायला अनेकांना इथेच गाडी बदलावी लागते. डोक्यावर उंदराचे कान. संध्याकाळी दोघंही परत येतात. कान तसेच असतात, वर्तमानपत्र नसतं.

पण माझी खरी जागा खाली, तोयोकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर, पहिला डबा थांबतो त्या टोकाला. तिथे गाडी यायच्या थोडं आधी तोयोचा मोटरमन येऊन उभा राहतो. पांढरे हातमोजे, हातात चौकोनी बॅग, नजर रुळांवर. गाडी येते, ठरलेल्या रेघेवर थांबते. मेट्रोचा मोटरमन केबिनचं दार उघडतो. दोघं समोरासमोर आले की दोघांचे हात टोपीच्या कडेला जातात, दोन शब्द होतात. लेकीकडून त्यांचा अर्थ करून घेतला: ‘विशेष काही नाही.’ म्हणजे ब्रेक नीट लागतोय, दिवे लागतायत, गाडीत कुठे काही बिघाड नाही. मागच्या टोकाला दोन गार्डांचं असंच चाललेलं असतं, दोनशे मीटरवर, त्यामुळे दिसत नाही.

आता मला जे सगळ्यात आवडतं ते. मोटरमनच्या समोरच्या पटावर घड्याळ ठेवायला एक गोल खोबण असते. मोटरमन स्वतःचं खिशातलं घड्याळ तिच्यात ठेवतो आणि त्याच्याकडे बघून गाडी चालवतो. उतरणारा आपलं घड्याळ उचलून खिशात टाकतो. चढणारा बॅग ठेवतो, बसतो, खिशातून आपलं घड्याळ काढतो आणि त्या खोबणीत बसवतो. मधले काही सेकंद खोबण रिकामी असते. मी काचेतून त्या रिकाम्या खोबणीकडेच बघत असतो. पहिला उतरलाय, दुसऱ्याचं घड्याळ अजून लागलेलं नाही. दहा डबे, शेकडो माणसं. त्या सेकंदांत गाडी कोणाची, हे मला कोणी सांगितलेलं नाही आणि मीही कोणाला विचारलेलं नाही.

मग नवा मोटरमन बोट रोखून सिग्नल मोठ्याने वाचतो, एकटाच, स्वतःशी. गाडी हलते. आत पहिल्या दारापाशी एक माणूस तोंड उघडं टाकून झोपलेला असतो. टाय सैल झालेला, मांडीवर बॅग. दर वेळी निराळा असतो, पण असतो. तो ओतेमाचीला मेट्रोच्या गाडीत बसला, तोयोच्या गाडीतून उतरेल, आणि मध्ये काही झालं हे त्याला कधी कळायचं नाही.

याला जपानीत शब्द आहे, ‘सोगो चोकुत्सु उन्तेन’, परस्परांच्या रुळांवरून थेट गाड्या चालवणं. सुरुवात गरजेपोटी झाली. टोकियोच्या उपनगरांतून येणाऱ्या खाजगी रेल्वे शहराभोवतीच्या यामानोते लाइनपाशी येऊन थांबायच्या आणि तिथे माणसांचे ढीग पडायचे. त्या ढिगाला पुन्हा दुसऱ्या गाडीत कोंबण्यापेक्षा आलेली गाडीच भुयारात सोडली तर? १९६० च्या डिसेंबरात केइसेई या खाजगी कंपनीच्या आणि टोकियो महानगराच्या भुयारी रेल्वेच्या गाड्या अशा एकमेकींच्या घरात शिरल्या. भुयारी रेल्वेसोबतचा देशातला तो पहिला प्रयोग. त्यासाठी केइसेईने आदल्या वर्षी आपल्या रुळांची रुंदी १३७२ मिलिमीटरवरून १४३५ केली, आणि तीसुद्धा गाड्या बंद न ठेवता, तुकड्या-तुकड्याने. ६३ मिलिमीटर. चार बोटं. शेजाऱ्याची गाडी आपल्या दारात यावी म्हणून सगळं घर चार बोटं रुंद करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

तोझाई लाइनला एवढं करावं लागलं नाही, कारण तिची रुंदी पहिल्यापासूनच सरकारी रेल्वेची, १०६७ मिलिमीटर. १९६६ पासून दुसऱ्या टोकाला, नाकानोला, तिच्या आणि सरकारी रेल्वेच्या गाड्या एकमेकींकडे जाऊ लागल्या. पण तिथेही अंग चोरावं लागलंच, फक्त ते पाहुण्याला. जेआरचे नेहमीचे डबे २९५० मिलिमीटर रुंद असतात. तोझाईच्या भुयारात जाण्यासाठी २००३ साली जे वेगळे डबे आणले ते २८०० चेच, पोट आत घेतलेले. निशि-फुनाबाशीला पिवळ्या पट्ट्याची सोबु लाइनची गाडी आणि निळ्या पट्ट्याची तोझाईची जेआर गाडी शेजारी शेजारी लागल्या तर नीट बघा. एकीच्या कुशी फुगलेल्या दिसतील, दुसरीच्या सरळ.

जावयाने एका रविवारी याच्या मागचा व्यवहार समजावून सांगितला, आणि हे सगळं प्रकरण माझ्या ओळखीचं निघालं. एका कंपनीची गाडी दुसरीच्या रुळावर धावते तेव्हा डबे पाहुणीचे झिजतात आणि तिकिटाचे पैसे यजमानीण घेते. म्हणून यजमानणीने त्या डब्यांचं भाडं द्यायचं. पण तिच्याही गाड्या पाहुणीच्या रुळांवर धावत असतातच. तेव्हा पैसे इकडून तिकडे करत बसण्यापेक्षा किलोमीटर मोजायचे. तुझ्या गाड्या माझ्याकडे जितके किलोमीटर धावल्या, तितकेच माझ्या तुझ्याकडे धावल्या पाहिजेत. कुणाचे कमी पडले तर वेळापत्रकात एखादी फेरी इकडची तिकडे करून जुळवायचे. एखाद्या स्थानकावर अनपेक्षित वेळी लांबच्या कंपनीची गाडी दिसली तर तीही कदाचित उसने किलोमीटर फेडायला आलेली असते.

डोंबिवलीच्या चाळीत आमच्या आईचा असाच हिशेब असायचा. समोरच्या काकूंकडून वाटीभर साखर आणली की ती वाटी रिकामी परत जायची नाही. साखर फेडायची, पण पैसे देणं हा अपमान. आणि फेडताना वाटी जशी आली होती तशीच भरायची, शीग लावून आली असेल तर शीग लावून. कोकणात लावणीला सावड घालतात ती तरी काय? आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. मजुरी फिरत नाही, दिवस फिरतात. जावयाला मी हे सांगितलं. तो संगणकवाला. म्हणाला, “हो, पण बाबा, यांच्याकडे त्याचं सॉफ्टवेअर असेल.” आईकडे नव्हतं. तिच्या लक्षात असायचं.

उगाच फार गोडवे गायला नकोत. दारं एकमेकींत उघडली की एकीच्या घरातला धूर दुसरीच्या घरात जातो. पश्चिमेला टोकियोपलीकडे गाडी रखडली की पन्नासेक किलोमीटरवर याचियोतल्या माणसाला ऑफिसात उशीर. मार्चमध्ये एक दिवस वारा सुटला. तोझाई लाइन पूर्वेकडे जाताना आराकावा नदीवरून उघड्यावर जाते, आणि त्या पुलाला वाऱ्याची जुनी आठवण आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत टोर्नेडोने तिथे चालत्या गाडीचे मागचे डबे आडवे केले होते. मार्चमधल्या त्या दिवशी मेट्रो थांबली. तोयो आपली आपल्या रुळांवर चालू होती. निशि-फुनाबाशीला गाडी आली, घोषणा झाली, आणि सगळेच्या सगळे उतरले. झोपलेला माणूसही. तो फलाटावर उभा राहून आजूबाजूला बघत होता, आपण कुठे आलोय ते.

अशा वेळी दुसऱ्या कंपनीच्या गाडीने जादा पैसे न देता जाता येतं, अडलेल्याला शेजाऱ्याने पोचवायचं असा करार आहे. मात्र त्यासाठी पास किंवा कागदी तिकीट लागतं. पैसे भरलेलं कार्ड दाराला टेकवून आत आलेल्याला ही सवलत नाही. मी कार्डवाला. उरलेली सगळी माणसं शिस्तीत वळून जेआरच्या दारातून जात होती आणि मी आपला कार्डाकडे बघत उभा.

त्या दाराचीही एक गोष्ट आहे. २००७ सालापर्यंत इथे जेआर आणि मेट्रोच्या मध्ये दारच नव्हतं. एका कंपनीच्या जिन्याने वर चढायचं, दुसरीच्या जिन्याने उतरायचं, कोणी विचारणार नाही. अडचण अशी की नाकानो आणि निशि-फुनाबाशी या दोन ठिकाणांमध्ये वाटा दोन आहेत, एक जेआरची वरून, एक मेट्रोची भुयारातून. माणूस एका टोकाला आत शिरला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडला, तर तो कोणाचे रूळ तुडवत आला? पैसे कोणाला? कागदी तिकिटाच्या काळात हे कसंबसं चालून गेलं. सुइका हे जेआरचं कार्ड २००१ साली आलं, आणि २००७ च्या मार्चमध्ये खाजगी रेल्वे आणि मेट्रोचं पास्मो. दोन्ही कार्डं दोन्हीकडे चालू लागली. त्याच सुमारास इथे मधलं दार बसलं. ते अडवायला नाही, साक्षीला. तू इथून गेलास, एवढंच ते टिपून ठेवतं.

त्या दारावर कार्ड टेकवायची जी चकती असते ती सपाट नसते, आपल्याकडे थोडी कललेली असते. १३.५ अंश. सुरुवातीला माणसांना कार्ड कुठे, कसं धरायचं तेच कळेना, म्हणून शुनजी यामानाका या आरेखनकाराने निरनिराळे उतार करून माणसांना त्यावरून चालायला लावलं, आणि या उताराशी हात आपोआप थबकतो असं निघालं. माझाही थबकतो. हे वाचल्यापासून मात्र दर वेळी तो उतार डोळ्यांनी मोजायला जातो आणि मागचा माणूस खोळंबतो.

पैशांचं म्हणाल तर नाकानोपासून इथवरच्या ३०.८ किलोमीटरला मेट्रो ३३० येन घेते, आणि इथून पुढच्या १६.२ किलोमीटरला तोयोचे सहाशे येनच्या वर होतात. निम्मं अंतर, दुप्पट पैसे. कंपनी स्थापन झाली १९८१ साली, गाडी धावली १९९६ साली. मध्ये जमिनी मिळायला वेळ लागला, खर्च फुगला, आणि सगळं कर्जावर. चिबा प्रीफेक्चर, फुनाबाशी आणि याचियो या नगरपालिका, मेट्रो, सगळ्यांचे त्यात वाटे आहेत. कर्ज मात्र गाडीत बसणाराच फेडतोय. झोपलेल्या माणसाला निशि-फुनाबाशीत काही कळत नाही असं मी वर म्हटलं, त्यात एवढी दुरुस्ती करायला हवी. खिशाला कळतं. पण इथे नोकरदाराचा पास बहुतेक वेळा कंपनीच काढून देते, म्हणून तोही झोपू शकतो.

नात सहा वर्षांची आहे. एका रविवारी तिला घेऊन निशि-कासाईला गेलो होतो. येताना तिच्या वर्गातली एक मुलगी आणि तिची आई त्याच डब्यात भेटल्या. उराया‌सूपासून या दोघी पोरींचं जपानीत अखंड चाललेलं. मध्येच माझ्याकडे वळून, “आबा, मला पाणी दे ना,” आणि बाटली हातात घेता घेता परत तिकडे वळून उरलेलं वाक्य पुरं. मैत्रिणीची आई हसली. मीही हसलो, कारण हसण्याव्यतिरिक्त माझ्याकडे तिच्याशी बोलायला काही नव्हतं.

निशि-फुनाबाशी जवळ आलं तसं मी नातीला हळूच म्हटलं, “चल, पुढे जाऊन काचेतून बघू. आता मोटरमन बदलतो. आधीचा आपलं घड्याळ काढून घेतो आणि दुसरा लावतो.”

“रोजच बदलतो आबा,” ती म्हणाली. “त्यात काय बघायचं?”

आणि पुन्हा जपानीत शिरली.

परत निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा म्हणून गेलो. किराणा नव्हता, पिशवी रिकामीच. त्या दिवशी मी गाडी सोडून उतरलेल्या मोटरमनच्या मागे गेलो. म्हणजे पाठलाग नव्हे. चार पावलं अंतर ठेवून, आपण आपल्या कामाला निघालोय अशा चेहऱ्याने. पश्चिमेकडे परत न्यायच्या गाडीचं तोंड दुसऱ्या टोकाला, म्हणून त्याला दहा डब्यांची लांबी चालावी लागते. तो घाईने चालत नव्हता. मध्यावर पेयांचं यंत्र आहे, तिथे थांबला. उजव्या हातातला मोजा काढून काखेत धरला, कार्ड टेकवलं, खाली वाकून चहाचा डबा काढला. गरम असावा, कारण तो त्याने या हातातून त्या हातात दोनदा फिरवला. मग खांबाला न टेकता, सरळ उभा राहून, रुळांकडे तोंड करून प्यायला. बाजूने माणसं जात होती. पूर्वेकडून गाडी यायला अजून तीनेक मिनिटं होती. त्याने खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, परत ठेवलं, आणि उरलेला चहा एका घोटात संपवून रिकामा डबा यंत्राशेजारच्या गोल भोकात टाकला. मोजा चढवताना त्याचं एक बोट अडकलं. ते त्याने दातांनी ओढून सरळ केलं, इकडे तिकडे बघितलं, आणि चालू लागला.